जुन्या घराच्या भिंतींना रंग कोणता द्यावा?

पावसाळा सरत आला आणि दसरा-दिवाळीचे दिवस जवळ दिसूं लागले कीं, घरोघरीं एक प्रश्न निघतो : यंदां रंग कोणता द्यावयाचा? नव्या घरांत हा प्रश्न आवडीनिवडीचा असतो. फिका निळा कीं पिस्त्याचा, चकाकणारा कीं साधा, एवढ्यावर तो सुटतो. परंतु साठ, ऐंशीं किंवा शंभर वर्षांपूर्वीं बांधलेल्या घरांत हाच प्रश्न त्या घराच्या आयुष्याचा आणि त्यांत राहणाऱ्या माणसांच्या प्रकृतीचा होऊन बसतो. जुन्या भिंतीचा रंग म्हणजे तिचें कातडें होय. त्या कातड्याचीं छिद्रें बुजलीं म्हणजे भिंतीनें आपला घाम टाकावा कोठें?

कर्जत स्टेशनाला लागून असलेल्या भिसेगांवाचें उदाहरण घ्यावें. आज तें कर्जत नगरपरिषदेच्या हद्दींत मोडतें, आणि सिमेंटच्या नव्या इमारती त्या बाजूला झपाट्यानें उठत आहेत. तथापि त्या परिसरांत ओटी-पडवीचीं कौलारू घरेंहि अद्याप आढळतात. पश्चिमेस माथेरानचा डोंगर, पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग आणि मधून वाहणारी उल्हास नदी, अशा खोलगट मुलखांत हा गांव वसला आहे. रायगड जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. आषाढ-श्रावणांत या भागांत मीठ पाझरतें, पापड मऊ पडतात, वाळत घातलेला सदरा तीन दिवस दमट राहतो. मग जमिनीला चिकटून, पावसाकडे तोंड करून उभ्या असलेल्या भिंतीची काय अवस्था होत असेल, तें निराळें सांगावयास नको.

ही अवस्था जुन्या गवंड्यांना ठाऊक होती. म्हणूनच या मुलखांतल्या जुन्या घराची घडण एका ठराविक रीतीची असे. जोतें काळ्या दगडाचें आणि चांगलें उंच; भिंती कोठें भाजक्या विटांच्या, कोठें मातीच्या; विटांमधल्या दरजा चुन्याच्या किंवा चिखलाच्या; वरचा गिलावा चुन्याचा, नाहींतर भाताचें तूस कालवलेल्या शेणामातीचा; आणि माथ्यावर भिंतींच्या पुष्कळ बाहेर आलेलीं कौलांचीं पाखीं. ज्याला विटा परवडत नसत तो डोंगरांतली कारवी आणून तिचा कूड उभा करी आणि त्यावर मातीचें लिंपण देई. या सर्व पदार्थांत एक गुण समान आहे. ते पाणी शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली कीं तें परत सोडून देतात. भिंतीच्या पायांत ओल अडविणारा थर घालण्याची पद्धति त्या घरांत बहुधा नव्हती. भिंत पावसाळ्यांत थोडी भिजावी आणि पुढच्या आठ महिन्यांत वाळावी, असाच त्या बांधणीचा हिशेब होता.

भिंत श्वास घेते असें हल्लीं म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण या एका शब्दाच्या आधारें पुष्कळ डबे विकले जातात. भिंतींतून वारा आरपार वाहतो असा त्याचा अर्थ नव्हे. भिंतींत शिरलेलें पाणी वाफेच्या रूपानें तिच्या पृष्ठभागावरून बाहेर निघून जातें, एवढाच त्याचा अर्थ आहे. याचा दाखला प्रत्येकाच्या स्वयंपाकघरांत आहे. मातीच्या माठांतलें पाणी उन्हाळ्यांत गार होतें, तें माठाच्या अंगांतून पाणी झिरपून त्याची वाफ होते म्हणून. त्याच माठाला बाहेरून तेलरंगाचे दोन हात दिले तर पाणी गार होणें बंद पडेल. माती तीच, पाणी तेंच. मात्र वाफेची वाट बंद झाली. जुन्या भिंतीवर अभेद्य रंगाचा पापुद्रा चढविला म्हणजे त्या भिंतीचा असाच तेलरंग दिलेला माठ होतो.

पण माठांतलें पाणी तसेंच राहिलें तरी माठ फुटत नाहीं. भिंतीचें तसें नाहीं. जमिनींतून वर चढणारें पाणी आपल्याबरोबर क्षार घेऊन येतें. पृष्ठभाग मोकळा असला तर पाणी उडून जातें आणि क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपानें वर दिसतात. यालाच लोक लोणा लागला असें म्हणतात. तो कुंचल्यानें झाडून टाकतां येतो. वर पापुद्रा असला तर हेच क्षार त्याच्या मागें, गिलाव्याच्या आंत स्फटिकरूप धरतात. स्फटिक वाढतांना आजूबाजूच्या कणांना रेटतात. पहिल्या वर्षीं रंगाला फुगे येतात, दुसऱ्या वर्षीं पोपडे सुटतात, तिसऱ्या वर्षीं गिलावाच बोटानें भुगा होऊन पडतो. शिवाय अडलेली ओल आणखी वर चढते. जी खूण गुडघ्याइतक्या उंचीवर होती ती कमरेपर्यंत येते, आणि भिंतींत रोवलेल्या लांकडी खांबाला व तुळईच्या टोंकाला जाऊन भिडते. तेथून पुढें वाळवी आणि कुज यांचें राज्य सुरू होतें.

जुनीं घरें पडतात तीं पुष्कळदां अशा क्रमानें पडतात. भिंतीवर डाग दिसला म्हणून घरधनी रंगारी बोलावतो. रंगारी डाग खरवडून त्यावर पुट्टी भरतो, प्रायमर मारतो आणि वर प्लॅस्टिकचा रंग देतो. दिवाळीला भिंत आरशासारखी दिसते. पुढच्या भाद्रपदांत तोच डाग दुप्पट होऊन परत येतो. मग कोणी सल्ला देतो कीं, खालचे चार फूट सिमेंटचा गिलावा करून टाकावा. तो केला म्हणजे ओल त्याच्या डोक्यावरून बाहेर पडते. आणखी दोन-तीन वर्षें अशींच खर्चांत जातात आणि अखेरीस घरांतले लोक कंटाळून म्हणतात, "हें घर आतां पाडावें हेंच बरें." ज्या घरानें शंभर पावसाळे सोसले तें घर दहा वर्षांच्या दुरुस्तीनें टेंकीला येतें. दोष घराला दिला जातो. वास्तविक तो त्याच्यावर चढविलेल्या लेपाचा असतो.

याचें एक थोर उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रें मातीच्या गिलाव्यावर काढलेलीं आहेत. त्या मातींत तूस व वनस्पतींचे तंतु कालवलेले असून वर चुन्याचा पातळसा हात आहे. शतकानुशतकें हा लेप खडकाला धरून राहिला. १९२० ते १९२२ या काळांत निझाम सरकारनें इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावून चित्रांची दुरुस्ती करविली. सुटत चाललेला गिलावा त्यांनीं जागच्या जागीं घट्ट केला, हे त्यांचे उपकारच होत. परंतु चित्रांच्या रक्षणासाठीं त्यांवर लाखेचा लेप देण्यांत आला, आणि कालांतरानें तो पिवळा पडून खालचे रंग झांकोळले. तो लेप अलगद उतरविण्याचें नाजूक काम पुढें पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना करावें लागलें. तज्ज्ञांच्या हातून, शुद्ध हेतूनें आणि अमोल चित्रांवर दिलेल्या लेपाची ही कथा. मग दिवाळीच्या घाईंत घेतलेल्या डब्यांतला लेप जन्माचा सोबती ठरेल कीं काय, याचा विचार घरधन्यानें करावयास नको काय?

प्रकृतीचा प्रश्न तर याहून निकडीचा आहे. दमट भिंतीवर बुरशी धरते. तिचे सूक्ष्म कण हवेंत मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतल्या ओलीविषयीं व बुरशीविषयीं मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. दमट व बुरसटलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दम्याचा त्रास अधिक आढळतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्या खोलींत तान्हें मूल निजतें किंवा म्हातारें माणूस दिवसभर पडून असतें, तिच्या भिंतीची ओल हा केवळ शोभेचा विषय राहत नाहीं.

तेव्हां रंग निवडतांना पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे कीं, या रंगांतून वाफ बाहेर जाते काय? युरोपांत यासाठीं एक माप ठरलेलें आहे. एखादा लेप वाफेला जेवढा अडथळा करतो तेवढाच अडथळा स्थिर हवेचा किती जाड थर करील, तें मीटरांत सांगतात. हा आंकडा ०.१४ मीटरांहून कमी असला तर लेप मोकळा, १.४ मीटरांहून अधिक असला तर बंद, आणि मधला मध्यम समजतात. आपल्याकडील डब्यांवर हा आंकडा क्वचितच छापलेला असतो. पण दुकानदाराकडे उत्पादकाचें माहितीपत्रक मागावें आणि त्यांत तो शोधावा. "भिंत श्वास घेते" असें नुसतें लिहिलें असेल आणि आंकडा नसेल, तर त्या वाक्याला जाहिरातीपलीकडे किंमत देऊं नये.

आतां एकेक प्रकार पाहूं.

सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि जुन्या भिंतीला सर्वांत मानवणारा लेप म्हणजे चुन्याची सफेदी. चुन्याचें रसायन मोठें मजेचें आहे. चुनखडी किंवा समुद्रकांठचे शिंपले भट्टींत भाजले म्हणजे त्यांतला कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यांत टाकतांच तो खदखदतो आणि फुटून त्याचें लोणी होतें. हें लोणी पाण्यांत कालवून भिंतीला लावलें कीं, तें हवेंतला तोच वायु हळूहळू परत घेतें आणि भिंतीवर पुन्हा चुनखडी होऊन बसतें. म्हणजे भिंतीवर पापुद्रा न चढतां दगडाचाच एक सच्छिद्र थर बनतो. दुसरें असें कीं, ताजा चुना अत्यंत दाहक असल्यामुळें त्यावर बुरशी सहजासहजीं धरत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला तेव्हां घरांना चुन्याची सफेदी देण्याचा सपाटा लावण्यांत आला होता, तो याच शुद्धिगुणावर भिस्त ठेवून.

सफेदी लौकर झडते, कपड्यांना लागते, अशी तक्रार गृहिणी करतात. तक्रार खरी आहे. पण पुष्कळदां तिचें मूळ चुन्यांत नसून हलगर्जीपणांत असतें. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत सफेदीची रीत दिलेली आहे, ती घरींहि पाळतां येण्याजोगी आहे. एक किलो चुन्याला सुमारें पांच लिटर पाणी घेऊन त्याची पातळ साय करावी, ती चोवीस तास मुरूं द्यावी आणि जाड्याभरड्या कापडांतून गाळून घ्यावी. दर दहा लिटर सायीला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यांत विरघळवून मिसळावा. पांढरेपणा खुलावा म्हणून किलोला तीन ग्रॅमपर्यंत नीळ घालावी. नव्या गिलाव्यावर तीन हात द्यावे. प्रत्येक हात अगदीं पातळ, दुधासारखा असावा आणि मागचा वाळल्यावरच पुढचा द्यावा. भिंत आधीं झाडून, पाण्याच्या हलक्या शिपक्यानें ओलसर करून घ्यावी; कोरड्या ठणठणीत भिंतीवर चुना लावला तर भिंत त्यांतलें पाणी पिऊन टाकते आणि चुन्याची भुकटी उरते. ओला असतांना चुना पारदर्शक दिसतो; रंगाऱ्याला वाटतें भिंत झांकली गेली नाहीं, म्हणून तो जाड हात देतो, आणि जाड हातच पुढें झडतो. धीर धरला तर वाळल्यावर तोच पातळ हात पांढरा शुभ्र उमटतो.

कळीचा चुना घरीं भिजवावयाचा असेल तर दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. भांड्यांत पाणी आधीं घ्यावें आणि त्यांत चुना थोडाथोडा टाकावा. चुन्यावर पाणी ओतूं नये. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असल्यावांचून हें काम करूं नये, मुलांना तर त्याच्या आसपासहि फिरकूं देऊं नये. चुन्याचा एक शिंतोडा डोळा जायबंदी करावयास पुरेसा आहे. ज्यांना ही यातायात नको असेल त्यांनीं पिशवींतली भिजवलेल्या चुन्याची भुकटी घ्यावी. मात्र ती ताजी असली पाहिजे. फार दिवस उघडी राहिलेली भुकटी हवेंतला वायु आधींच पिऊन बसलेली असते, आणि ती भिंतीला धरत नाहीं.

सफेदी पांढरीच असली पाहिजे असेंहि नाहीं. गेरू, पिवळी माती, काजळी हे खनिज व मातीचे रंग चुन्याची दाहकता सोसतात. त्यांतून फिका केशरी, हळदुवा, राखी अशा सौम्य छटा मिळतात. सामान्यतः चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक रंग मिसळूं नये, नाहींतर तो हाताला लागतो. गडद आणि झगझगीत रंगांचा हव्यास असेल तर चुना तो पुरवूं शकणार नाहीं. ही त्याची मर्यादा मान्य केली पाहिजे.

मातीच्या भिंतीला आणि कारवीच्या कुडाला शेणामातीचें सारवण हाच मूळचा लेप. त्याला पैसा लागत नाहीं, हात मात्र लागतात. ज्या घरांत अजून तसे हात आहेत, तेथें तो बदलण्याचें कांहींच कारण नाहीं. हवें तर वर चुन्याचा पातळ हात द्यावा.

चुन्याच्या खालोखाल कोरड्या भुकटीचें डिस्टेंपर येतें. खडूची भुकटी आणि सरस यांचा हा लेप वाफेला अडवीत नाहीं व स्वस्तहि पडतो. परंतु ओल्या फडक्यानें तो पुसला जातो, आणि त्यांतल्या सरसावर दमट जागीं बुरशी धरते. म्हणून वरच्या मजल्यावरील कोरड्या खोल्यांना तो चालेल, पावसाच्या तोंडच्या भिंतीला चालणार नाहीं. धुतां येणारें डिस्टेंपर हा मधला प्रकार आहे. तें पुसतां येतें, पण त्या सोयीच्या मोबदल्यांत वाफेची वाट अरुंद होते. सिमेंटचा भुकटी-रंग वाफ सोडतो. परंतु तो ताठर असल्यामुळें चुन्याच्या व मातीच्या मऊ गिलाव्याशीं त्याचें जमत नाहीं, आणि त्याची खरी जागा बाहेरच्या पक्क्या भिंतीवर आहे.

एक प्रकार गुणांनीं उत्तम पण किंमतीनें जड आहे. जर्मनींतील बव्हेरियाच्या आडोल्फ विल्हेल्म काइम यानें १८७८ सालीं पोटॅशियम सिलिकेटाच्या, म्हणजे एक प्रकारच्या द्रव कांचेच्या, रंगाचें पेटंट घेतलें. हा रंग दगड, विटा व चुना यांच्याशीं रासायनिक रीतीनें एकजीव होतो, वाफ सोडतो आणि दीर्घकाळ टिकतो. सार्वजनिक इमारतीच्या जीर्णोद्धाराला तो शोभेल. चार खोल्यांच्या घराला तो परवडणें कठीण.

अलीकडे गाईच्या शेणापासून केलेल्या रंगाची पुष्कळ चर्चा होते. खादी व ग्रामोद्योग आयोगानें १२ जानेवारी २०२१ रोजीं तो बाजारांत आणला. जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेंत तो विकसित झाला असून त्याचे डिस्टेंपर व इमल्शन असे दोन प्रकार आहेत. आरंभीं त्यांच्या किंमती लिटरला अनुक्रमें १२० व २२५ रुपये ठेवण्यांत आल्या होत्या. शेतकऱ्याला चार पैसे मिळावे हा त्यामागील हेतु स्तुत्य आहे. परंतु नांवांत शेण आहे म्हणून तो सारवणाइतका मोकळा असेलच, असें गृहीत धरूं नये. त्यालाहि वाफेच्या आंकड्याचा तोच प्रश्न विचारावा, आणि दोहोंपैकीं डिस्टेंपराचा विचार आधीं करावा.

राहतां राहिले प्लॅस्टिक इमल्शन आणि तेलरंग. सिमेंटच्या नव्या, कोरड्या इमारतींत प्लॅस्टिक इमल्शन खुशाल द्यावें. तेथें तें टिकतें व धुतां येतें. जुन्या चुन्यामातीच्या भिंतीला मात्र तें देऊं नये. आणि वाफेला अगदीं मोकळें असें एखादें मिळालें तरच अपवाद करावा. तेलरंग तर मुळींच देऊं नये. येथें एका जुन्या संवयीचा उल्लेख केला पाहिजे. मुलांचे हात लागून भिंत मळते म्हणून खालच्या तीन-चार फुटांना तेलरंगाचा पट्टा मारण्याची चाल घरांत आणि शाळांत पडलेली आहे. जमिनीची ओल नेमकी याच तीन-चार फुटांतून बाहेर पडावयाची असते. म्हणजे जेथें वाट हवी तेथेंच कुलूप लावल्यासारखें होतें. पट्टा हवाच असेल तर तो गेरू मिसळलेल्या चुन्याचा द्यावा. मळ झांकतो आणि दरवर्षीं एका सकाळींत नवा करतां येतो.

भिंतीवर आधींच कोणता रंग आहे, हें ओळखावयाचें कसें? तळहात भिंतीवरून फिरवावा. पांढरी भुकटी लागली तर चुना किंवा कोरडें डिस्टेंपर समजावें. मग पाण्याचा हबका मारावा. पाणी शोषलें गेलें तर भिंत मोकळी आहे. थेंब मोत्यांसारखे घरंगळले तर वर पापुद्रा आहे. पापुद्र्यावर चुना धरत नाहीं. तेव्हां तो उतरविणें भाग आहे. कोरडें डिस्टेंपर असलें तर तें धुऊन काढावें लागतें, कारण भुकटीवर चुन्याला पाय रोवतां येत नाहीं.

जुना रंग उतरवितांना एक धोका पत्करूं नये. पूर्वींच्या तेलरंगांत शिशाचें प्रमाण पुष्कळ असे. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाला ९० भाग दर दहा लाख भागांस अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ सालीं झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते अंमलांत आले. म्हणजे त्यापूर्वींचा कोणताहि थर संशयास्पद मानणें शहाणपणाचें. असा रंग कोरडा घासला म्हणजे शिशाची धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून घासण्यापूर्वीं भिंत ओली करावी, रंगाऱ्याला चांगला मुखपट्टा द्यावा, मुलें व गरोदर स्त्रिया यांना त्या दिवसांत अन्यत्र ठेवावें, आणि खरवड झाडूनें न झाडतां ओल्या फडक्यानें गोळा करावी.

परंतु कोणताहि रंग, मग तो चुना कां असेना, पाण्याच्या मूळ कारणावर उपाय नव्हे. रंगाऱ्याच्या आधीं कौलें चाळणारा माणूस बोलवावा. फुटकें कौल, तुंबलेली पन्हळ, भिंतीच्या पायाशीं साचणारें मोरीचें पाणी, यांचा बंदोबस्त प्रथम व्हावा. हल्लीं आणखी एक कारण वाढलें आहे. रस्ता दर डांबरीकरणागणिक उंच होतो, अंगणांत काँक्रीट किंवा सिमेंटचे ठोकळे बसतात, आणि एके काळीं दोन हात उंच असलेलें जोतें जमिनीच्या बरोबरीला येतें. पावसाचें पाणी मग सरळ भिंतीला लागतें, आणि अंगणाच्या मातींतून उडून जाणारी ओल काँक्रीटखालीं अडून भिंतीकडे वळते. भिंतीच्या कडेनें हातभर रुंदीची पट्टी उघडी ठेवून तींत खडी भरली आणि पाण्याला बाहेर उतार दिला, तर पुष्कळ भिंती रंगावांचूनच सुधारतील. गिलावा पडला असेल तेथें चुन्याचाच गिलावा करावा. शेजारीं सिमेंटचें ठिगळ लावूं नये. कपाटें भिंतीपासून चार बोटें दूर ठेवावीं.

रंग देण्याची वेळहि महत्त्वाची आहे. गणपतीपूर्वीं घर रंगवून घेण्याची हौस स्वाभाविक आहे. परंतु त्या वेळीं भिंत पाण्यानें भरलेली असते. दिवाळीपर्यंतहि ती पुरती वाळलेली नसते. चुना ओलसर भिंतीला चालतो, म्हणून दिवाळीला एक पातळ हात देऊन सणाची हौस भागवावी आणि राहिलेले दोन हात थंडी सरतांना द्यावे. दुसरा कोणताहि लेप द्यावयाचा असेल तर माघ-फाल्गुनापर्यंत थांबावें. भर वैशाखांत मात्र चुना लावूं नये. उन्हानें तो फार लौकर वाळतो आणि त्याला घट्ट व्हावयास अवसर मिळत नाहीं.

शेवटीं पैशाचा हिशेब. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशा खोलीच्या चार भिंती दारें-खिडक्या धरून ४४० चौरस फूट भरतात. एवढ्या भिंतींना लागणारा चुना, डिंक व नीळ यांची किंमत पुट्टी, प्रायमर व प्लॅस्टिक रंग यांच्या किंमतीपुढें अगदीं किरकोळ असते. खरा खर्च मजुरीचा. म्हणून रंगाऱ्याकडून सामानाचा व मजुरीचा आंकडा वेगवेगळा मागावा, आणि हिशेब एका दिवाळीचा न करतां सहा वर्षांचा करावा. सफेदी दर दोन वर्षांनीं द्यावी लागली तरी सहा वर्षांत तीन वेळ. तिला घासकाम नाहीं, पुट्टी नाहीं, आणि एक हात घरांतले तरुण मुलगेहि देऊं शकतात. प्लॅस्टिक रंग सहा वर्षें टिकतो म्हणून तो स्वस्त, हें गणित कोरड्या भिंतीचें आहे. ओल्या भिंतीवर तो दर वर्षीं पोपडे टाकतो, आणि प्रत्येक दुरुस्तींत गिलाव्याचा थोडा थोडा भाग घेऊन जातो. त्या गिलाव्याची किंमत कोणत्याहि कोटेशनांत लिहिलेली नसते.

यंदां ज्या घरांत रंगाचा विचार चालला असेल, तेथें नमुन्याचीं पुस्तकें उघडण्यापूर्वीं घरधन्यानें पाण्याचा तांब्या घेऊन भिंतींपाशीं जावें, हबका मारून भिंत पाणी पिते कीं नाहीं तें पाहावें, आणि मग बाहेर जाऊन पन्हळीखालीं व जोत्याकडे नजर टाकावी. रंगाऱ्याला निरोप धाडावयाचा तो त्यानंतर.